साधनाचं पहिलं ‘नाही’

आमच्या साधनाले सुपरवायझर व्हाचं होतं. नांदगाव पेठच्या शर्टाच्या कंपनीत आमी दोघी शेजारशेजारच्या मशिनीवर बसतो. मी बाह्या लावते, ती कॉलर. कितीक दिवसापासून बाई घरी बकऱ्यायवर सुपरवायझरी करून राहिली होती. "ए, लाइन तुटली नाही पायजे!" अन् बकऱ्या बिचाऱ्या कडबा चघळत आयकत.

मंगळवारी नवे साहेब लायनीवर आले. पुण्याकडचे, सभ्य माणूस. म्हणाले, "साधनाताई, सुपरवायझरची जागा रिकामी आहे. तुम्ही घ्याल का?"

माहं काळीजच उडालं, आनंदानं. अन् हे बया काय म्हणते?

"नाही जी. मले कायले? राहू द्या."

तुमी वऱ्हाडातले असान तर समजलेच असान. आमच्या इकडे कोणी जेवाले बलावलं की पयले नाहीच म्हणा लागते. मंग "पोट भरलं" म्हणाचं. मंग ते हात धरून बसवतेत, तवा बसाचं. त्यातही गरिबाच्या पोरीले मायनं चिमटे काढून शिकवलं असते, हावरट दिसू नको. साधना आग्रहाची वाट पाहत पदराशी खेळत बसली. साहेब म्हणाले, "बरं, मग दुसऱ्या कोणाला विचारतो," अन् निंगाले.

घ्या! पुण्याचा माणूस, एकदाच इचारते.

साधना पांढरीफटक. "पार्बताबाई, हे तं गेले वं!"

"मंग काय करतीन? त्याइले वाटलं तुले नाही पायजे. ऊठ, जाय, सांग."

"मी मांगू? शरम वाटते ना बाई. लोकं म्हणतीन, ऐपत पाहा अन् हौस पाहा."

असा राग आला मले! हात धरून ओढतच नेली. साहेब केबिनीत फोनवर दुसरीचं नाव सांगूनच राहिले होते. साधना दारात, मान खाली. मी कोपर मारलं.

"पायजे," ती म्हणाली. साहेबाले आयकूच गेलं नाही. मंग एकदम ओरडलीच, "मले पायजे जी ते जागा! मले जमते!"

साहेबांनी फोन ठेवला. "मग आधीच सांगायचं ना, ताई. उद्यापासून बघा काम."

बाहेर येऊन साधना पायरीवर बसली अन् ढसाढसा रडली. मले वाटलं, खुशीनं. तर मले इचारते, "मांगतलं तर देतेत वं, पार्बताबाई?"

कंपनी सुरू झाली तवापासून मी बाह्याच लावून राहिली हाओ. कधी काही मांगतलंच नाही.