विहिरीत विझलेला दिवा

गिरणीमागच्या कोरड्या विहिरीभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. काठावर बसलेले महाराज सांगत होते की ही विहीर थेट पाताळात उतरते आणि खोटं बोलणाऱ्याचा दिवा धरणीमाता स्वतः विझवते. पृथ्वीच्या पोटाशी त्यांची म्हणे जुनी घसट होती. शिंपीणबाईंचा दिवा दोराने खाली गेला आणि जळतच वर आला, तशा लोकांनी माना डोलावल्या.

मग भूगोलाच्या मास्तरांच्या बायकोची पाळी आली. सासूच्या बांगड्या नाहीशा झाल्या होत्या आणि संशय सुनेवर होता. सासूबाई आधीच महाराजांच्या कानाला लागून आल्या होत्या. महाराजांनी या खेपेला दोर बराच खाली सोडला आणि दिवा विझला.

"चोर घरातच आहे," महाराज म्हणाले.

दिवा का विझला ते मास्तरांना लगेच कळलं. पण आईसमोर तोंड उघडायची त्यांची छाती झाली नाही. ते मान खाली घालून उभे राहिले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

बायको मात्र जागची हलली नाही. मास्तर घरी धडा मोठ्याने वाचायचे, आणि भाजी निवडता निवडता ती सगळं ऐकायची. तिने दिवा पुन्हा पेटवला.

"महाराज, आता तुमच्या नावाने सोडा. माझ्या वेळी दोराची ही गाठ काठावर आली होती. तुमच्याही वेळी येऊ द्या."

साधूची परीक्षा घेणाऱ्याचं भलं होत नाही, असं महाराजांनी बजावून पाहिलं. पण लोक पुढे सरकले होते. दोर सुटला, गाठ काठावर आली आणि दिवा विझला.

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, आता तरी बोला."

मास्तरांनी घसा खाकरला. तळाशी पाला कुजतोय, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, म्हणून खालीच साचतो. दिवा त्यात बुडाला की विझतो, वर राहिला की जळतो. महाराज माणूस बघून दोर सोडतात, एवढंच. आणि पाताळ कसलं, पृथ्वीचं नुसतं कवच कित्येक किलोमीटर जाड आहे. ही विहीर म्हणजे त्याच्यावरचा ओरखडासुद्धा नाही.

"सुरुवातीला पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच," ते म्हणाले. "ज्वालामुखींनी ओकलेले वायू होते. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांनी ऑक्सिजन तयार केला, तोही फार हळूहळू. त्याआधी इथे एकही दिवा पेटला नसता. तेव्हा तर माणूसच नव्हता. मग खोटं कोण बोललं होतं?"

गर्दीत कुणीतरी हसलं. महाराज झोळी आवरू लागले. सासूबाई पदराने उगाच तोंड पुसत राहिल्या.

घरी जाताना मास्तर हळूच म्हणाले, "चुकलं माझं."

"दिवा विझला तेव्हाच कळलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"महाराजांनाही ठाऊक होतं आणि तुम्हालाही. मग तुमच्यात फरक काय राहिला?"

तेव्हा मंडळी, पुन्हा असा दिवा विझला तर हात जोडण्याआधी दोर किती खाली गेला ते बघा. आणि कळलं, तर बायकोने विचारायची वाट न बघता बोला.