उज्ज्वलाच्या पासची चौकशी

पहिले एक सांगून ठेवतो, मी काही येडा मानूस नाही. घाटंजीच्या बाजारात कापसाच्या काट्यावर मले आजवर कोनी फसवलं नाही. पन माह्या पोरीचं काम काय हाये, थे मले अजून समजलं नाही.

उज्ज्वला माही धाकटी. आयटीआय केलं नं नागपुरात विमानं दुरुस्त करतेत तिथं लागली. दिवाळीले घरी आलती तं म्हने, "बा, मानसं नेनारं एक जुनं विमान आलं आमच्याकडे. त्याच्या सीटा काढून राह्यलो आमी. मंग त्याच्या पोटात तेलाच्या टाक्या बसवाच्या. थे फौजेचं होनार, नं उडता उडता दुसऱ्या विमानाले तेल देनार."

"चांगल्या सीटा काढता कायले?" म्या इचारलं.

"फौजेले सीटा नाही, सामान न्या लागते. तेल लागते."

"अन् हवेत तेल देते कसं? तिथं थांबते का विमान?"

"थांबत नाही, बा. दोन्ही चालूच असतेत. पुढच्यातून नळी सोडतेत, मांगचं त्याले येऊन जुळते."

मले वाटलं पोट्टी माही मजा घेऊन राह्यली. माही बायको लालीबाई म्हने, "आपले जुने लोक नाही का, बैलावर धान्य लादून फौजेच्या मांगं जायचे? तसंच हाये थे." तिले लगेच समजलं. चवथी शिकली बाई, तिले समजते नं मले समजत नाही, याचाच मले राग आला. सीटा काढलेली एसटी नं तिच्यात तेलाच्या टाक्या, एवढंच दिसे मले. असल्या गाडीत मी तं पाय नाही ठेवनार.

जाताना पोरगी म्हने, फौजेच्या विमानावर काम कराले नवा पास लागते, त्याचे कागदं चालू हायेत. कागदं म्हनली. पोलीस येईन असं नाही म्हनली.

मंग एका मंगळवारी दुपारी ठाण्याचा जमादार आला फटफटीवर. फुलसिंग नायकाच्या ओट्यावर आमी बसलतो. नायक म्हनजे आमच्या बंजाऱ्याच्या तांड्याचा मोठा मानूस, बाहेरच्याशी पहिले थोच बोलते. जमादारानं कागद काढला. "उज्ज्वला धावजी आडे. इथलीच ना?"

"अशी कोनी नाही," नायक म्हने.

जमादार माह्याकडे वळला. "तुमचं नाव काय?"

"धावजी."

"मग मुलगी तुमची?"

"नाही साहेब. माही नाही."

आता तुमी म्हनान, काहून? कसं सांगू. आमच्या तांड्यात पोलीस नाव घेऊन आला का पहिले नाही म्हनाचं, मंग इचार कराचा. माह्या आज्याले इंग्रजाच्या राज्यात काही गुन्हा नसताना रोज ठाण्यात हजेरी द्या लागे. तवापासून थे अंगातच बसलं. नायकानं माह्याकडे पाह्यलं, म्या नायकाकडे, नं तोंडातून निघून गेलं. जमादारानं लिहून घेतलं, पानी पेला नं गेला.

आठ दिवसानं पोरीचा फोन आला. तिले गेटवरच थांबवलं होतं. अशी मुलगी या गावची नाही, बापच नाही म्हनते, असा रिपोर्ट गेलता. शनिवारपर्यंत साफ नाही झालं तं नोकरीच जाईन म्हने.

लालीबाईनं मले फाडून खाल्लं. "पोटच्या पोरीले नाही म्हनता? तुमच्या जिभेले काही हाड?" दोन दिवस जेवन गोड लागलं नाही.

शुक्रवारी राशन कार्ड घेऊन ठाण्यात गेलो. आपल्या पायानं पहिल्यांदाच. जमादाराले सारं सांगतलं.

"खोटं कशाला बोलले? मी तर सरळ विचारलं होतं."

"म्हूनच तं जास्त भेव वाटलं, साहेब."

त्यानं कपाळाले हात लावला. मंग बयान लिहलं, का उज्ज्वला माहीच पोरगी हाये नं मी खोटं बोललो. म्या सही केली. त्यानं फोटो काढून नागपूरले धाडला.

अंगनात येऊन म्या पोरीले फोन लावून सांगतलं. मले वाटलं खूश होईन. पन तिनं पहिले हेच इचारलं,

"बा, कवा देल्लं बयान?"

"आत्ताच. काहून?"

थे रडाले लागली. "काल आमच्या साहेबानं इचारलं, तुझा बाप पोलिसाशी खोटं बोलला का? मले वाटलं, तुह्यावर केस करतीन. म्हून म्या सांगतलं, जमादार दुसऱ्याच धावजीकडे गेला असन, आमच्या तांड्यात तीन धावजी हायेत. त्याइले पटलं होतं, बा. पुन्हा चौकशी करतो म्हनले होते."

"मंग आता?"

"आता तू खरा नं मी खोटी."

खोटं बोललो तरी पोरगी अडकली, खरं बोललो तरी पोरगीच अडकली. आतून जमादारानं हाक मारली. नागपूरहून फोन आलता.

"मुलगी म्हणते तिचा बाप वेगळा आहे. तुम्ही म्हणता तुम्हीच बाप. आता एकदाच नीट सांगा. मुलगी तुमची आहे का नाही?"

नाही म्हटलं तं तिचा शब्द राहात होता. म्या तोंडबी उघडलं. पन त्या मंगळवारी थो शब्द कसा सुटला होता थे आठवलं, नं आता काही केल्या थो निघेच ना.

"माही हाये," म्या म्हटलं. "मी भेवानं खोटं बोललो, नं थे मले वाचवाले खोटं बोलली. लिहा."

जमादारानं पेन थांबवला. "असं लिहिलं तर तिची नोकरी जाईल हो."

"मंग काय लिहान तुमी?"

त्यानं पेन खाली ठेवला. "मलाही नाही समजत," म्हने.

"मंग माही पोरगी हाये, एवढं लिहा," म्या म्हटलं. "त्याच्या पुढचं मले काही येत नाही."