मान त्याच्या हातात होती

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावं. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. एका सासू-सुनेची आहे. ऐकताना भीती वाटली तर देवाचं नाव घ्या, सांगताना मीही घेईन.

सासूबाईंची मान दुखायची, म्हणून त्या मणके बसवणाऱ्या एका गृहस्थाकडे जायच्या. माणूस साखरेसारखा गोड; भिंतीवर त्याच्या पेशाच्या परिषदेचं प्रमाणपत्र. मान दोन्ही हातांत धरून तो कट्‌कन वळवायचा आणि विचारायचा, "बरं वाटतंय ना, आई?"

"हो हो," त्या म्हणायच्या.

मग एके सकाळी त्यांच्या डाव्या हातातून कप पडला. दुसऱ्या दिवशी ताट. मणकेवाला म्हणाला, "आतलं विष बाहेर पडतंय. चांगलं लक्षण!" इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र तपासताना उतरला. "मानेतली नस दबली आहे. आणखी एक झटका बसला तर हात कायमचा जाईल."

बाहेर येऊन सासूबाई म्हणतात, "डॉक्टर घाबरवतातच गं. त्यांचं पोट आहे त्यावर."

"आणि त्याचं पोट तुमच्या मानेवर!" सून म्हणाली.

सुनेनं सासूला न सांगता परिषदेकडे तक्रार केली. फोनवरच्या बाई भल्या होत्या. "ताई, तुमचं नाव त्यांना कळवावं लागेल. आणि ज्यांना त्रास झाला, त्या स्वतः बोलल्या तर फार बरं." सासूबाई तर त्याच्याकडची पुढची वेळ ठरवून बसल्या होत्या.

त्या ठरलेल्या दिवशी सून कामावरून लवकर सुटून घरी आली, तर दाराला कुलूप. ती तशीच मणकेवाल्याकडे पळत सुटली.

सासूबाई टेबलावर उताण्या, डोकं त्याच्या तळव्यांत.

"या सूनबाई," तो हसला. "परिषदेचं पत्र मिळालं मला."

"हात काढा."

"काढतो की. आधी त्यांनाच विचारू. आई, माझ्या हातानं कधी त्रास झाला का?"

सासूबाईंनी चादर मुठीत आवळली. "न... नाही."

त्यानं हनुवटी हळूच एका बाजूला नेली. सुनेनं त्याला झोंबावं, तर मानच हिसकायची. तेवढ्यात देवानं जिभेवर आणून ठेवलं, ते ती बोलली.

"अहो आई, गॅसवर दूध ठेवून आलात! घरभर धूर झालाय!"

"अगं बाई गं!" सासूबाई इतक्या जोरात ओरडल्या की त्यानं दचकून हात सोडले. सुनेनं त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि चपला हातात घेऊनच बाहेर काढलं.

रस्त्यावर सासूबाई थबकल्या. "मी दूध ठेवलंच नव्हतं."

"माहीत आहे."

दोघी एका पायरीवर टेकल्या. सासूबाई म्हणाल्या, "कधीची भीती वाटते गं मला त्याची. पण मान त्याच्या हातात असताना 'त्रास होतो' असं कसं म्हणू?" मग डोळे पुसून म्हणाल्या, "लाव त्या परिषदेला फोन. आत्ताच लाव. घरी गेले की माझा धीर सुटेल."

उद्या सुनावणी आहे. तोही समोर बसणार. सासूबाई "माझा आवाज फुटेल ना गं?" एवढंच विचारतात. सून शेजारी बसेल, पण बोलायचं त्यांनाच आहे. तुम्ही उद्या आपापल्या कामात असाल, असू दे. हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.