शकूताईंचा मापाचा ब्लाउज

मला अंगात घालून वर्षं लोटली, तरी मला कुणी टाकून दिलं नाही. मित्रांनो, मी एक जुना ब्लाउज आहे, मोतिया रंगाच्या टू बाय टू रुबियाचा. नवा ब्लाउज शिवायला टाकताना मापासाठी माझ्यासारख्याला सोबत धाडतात. तुमच्या आईच्या कपाटातही असा एखादा असेल.

माझं कापड कल्याणच्या बाजारातलं. शकूताई तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. डोंबिवलीत त्यांच्या चाळीसमोर वैशालीने नुकतंच शिलाईचं मशीन मांडलं होतं. तिने मला शिवलं. शकूताई आरशासमोर वळून वळून बघत म्हणाल्या, "अगं, अंगावरच कापलास की काय!" तेव्हापासून त्यांचा प्रत्येक ब्लाउज माझ्यावरून बेतला गेला. मुलाच्या, राजरत्नच्या, नामकरणाचा, चौदा एप्रिलच्या पांढऱ्या साडीवरचा, घरभरणीचा. वैशालीने माझ्या शिवणीत भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडली होती. शकूताई अंगाने भरल्या की ती शिवण उसवून मला सैल करी. किती गप्पा ऐकल्या मी त्या मशीनच्या खडखडाटात!

पुढे चाळ पडून टॉवर उभा राहिला. ताणले जाणारे तयार ब्लाउज आले. मी कपाटाच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर अमृताचं, शकूताईंच्या लेकीचं, लग्न ठरलं आणि मला पुन्हा उजेड दिसला.

"वैशाली, नवा शिवशील तो डाव्या काखेकडून जरा सैल ठेव. रुततं गं."

"एकाच बाजूने? लग्नाचे लाडू सगळे डावीकडेच गेले का शकूताई?"

शकूताई खूप हसल्या. हसता हसताच म्हणाल्या, "छोटीशी गाठ आहे तिथे. गणपतीत आंघोळ करताना हाताला लागली. दुखत बिखत नाही."

वैशालीचे हात थांबले. "आणि अजून दाखवली नाहीत?"

"दुखत नाही तर काय दाखवू? एकदा अमृता सासरी गेली की बघू."

"आणि काही निघालं तर?"

"म्हणून तर लग्नानंतर," शकूताई हळूच म्हणाल्या.

वैशालीने माझी घडी घातली आणि मला ड्रॉवरमध्ये टाकलं. "मला शिवण कळते, गाठीतलं काही कळत नाही. तुम्हालाही कळत नाही. आधी डॉक्टरांकडे जा, मग मी कापडाला कात्री लावते."

"आणि लग्नात काय घालू?"

"गाऊन घाला!"

"डोंबिवलीत तू एकटीच टेलर नाहीस, समजलं?" शकूताई तणतणत गेल्या. मला न्यायचंही विसरल्या.

दोन दिवसांनी त्या परत आल्या. माझं नावही न काढता स्टुलावर बसल्या. "चल माझ्याबरोबर. एकटीने जायला पाय उचलत नाहीत." वैशालीने मशीनवरचं काम तसंच सोडलं आणि शटर ओढलं.

पुढचं मी ड्रॉवरमधून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. सोनोग्राफी झाली, सुईने तपासणी झाली. कॅन्सरच होता, पण अजून तिथल्या तिथेच होता. डॉक्टर म्हणाले, बहुतेक गाठी साध्या निघतात, पण साधी आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. ती दुखते का, यावर तर मुळीच ठरत नाही. अमृताने लग्नच पुढे ढकललं. म्हणाली, "आई नसेल त्या लग्नाला मी तरी कशाला जाऊ?"

ऑपरेशन झालं, उपचार पार पडले. मग एका दुपारी वैशालीने मला बाहेर काढून टेबलावर पसरलं. शकूताईंनी मान हलवली. "ते माप आता चालायचं नाही गं."

वैशालीने गळ्यातली टेप काढली. शकूताईंनी डावा हात जमेल तेवढा वर केला.

"सावकाश, ताई."

"घे गं लवकर, गुदगुल्या होतात."

मित्रांनो, त्या दुपारी मी कायमचा निकामी झालो. तेवढा आनंद मला कुठल्याच कौतुकाने झाला नव्हता.

तुमच्या घरी आई, आजी किंवा मावशी एखादी गाठ लपवत असेल, कुणाच्या तोंडातला फोड तीन आठवडे झाले तरी भरत नसेल, कुणाचा बसलेला आवाज मोकळा होत नसेल, तर "दुखत नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका. घरात कार्य असो, सण असो की तुमची परीक्षा असो. त्यांना चपला घालायला लावा आणि सोबत जा. एकटीने जायला पाय उचलत नाहीत, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.