बावीस बाजार

मिरच्या तोडताना आई दर सरीला बांधावर टेकायला लागली, तेव्हा मी विचारलं, "पुन्हा धाप?"

"धाप आहेच. पाहुणाही आहे."

पाहुणा म्हणजे काय ते कळायला मला पुढची अख्खी सरी लागली. मी सोळा वर्षांची होते. माझ्या वेळी तिच्या हृदयाची झडप गळकी निघाली होती आणि पुन्हा बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई शेजारणींना सांगायची, "विहिरीवरच्या मोटारीसारखं आहे गं माझं. फुटव्हॉल्व्ह गेलाय. पाणी चढतं, पण टिकत नाही."

"मग आता?"

"मोठ्या दवाखान्यात काढून देतात. कायद्यानं देतात, चोरून नाही. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी पिशव्या धरून उभी राहिले, आई खिडकीशी गेली. लगेच परतली.

"किती आठवडे विचारलं. बावीस सांगितलं. विसाच्या पुढे इथे करत नाहीत म्हणाला कारकून."

"बावीस कुठले, आई?"

"मोजलेत मी. शेवटची पाळी येऊन बावीस बाजार झाले."

आमच्याकडे आठवडा कुणी म्हणत नसे, बाजार म्हणत. वस्ती वाढली तसा बाजार सोमवारी आणि गुरुवारी असा दोनदा भरायला लागला. शब्द तोच राहिला.

"अगं, आता आठवड्यात दोन बाजार. अकराच झाले."

ती कपाळाला हात लावून हसली. "मिरचीच्या मापात कधी चुकले नाही बघ."

आम्ही तशाच खिडकीशी गेलो. कारकुनानं कागद उचलला. "मघाशी बावीस, आता अकरा. भाजीचा भाव आहे का बाई, संध्याकाळी उतरायला? खाडाखोड करायची तर डॉक्टरांची सही लागते. ते बुधवारी येतात."

बुधवारी डॉक्टर आले नाहीत. पुढच्या बुधवारी आले, त्यांनी कागद पाहिला. आईकडे पाहिलं नाही. "मशीनवर बघून ठरवू. मशीन दुरुस्तीला गेलंय. तोवर नवऱ्याची सही आणा."

त्यांच्या मागच्या भिंतीवरचा फलक मी दोनदा वाचला. "बाईची स्वतःची सही पुरते, असं तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

"भिंतीवर थुंकू नका असंही लिहिलंय," डॉक्टर म्हणाले. "कोण ऐकतं?"

वडील दूर रस्त्याच्या कामावर रोलर चालवत. मुकादम सोडेना. आई दर बुधवारी मिरच्या अर्ध्यावर टाकून बसला उभी राहायची; कधी मशीन नसे, कधी मशीन चालवणारा. परतताना बसच्या खिडकीला डोकं टेकून म्हणायची, "घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं. मी दोन्हीही आहे." तिचे पाय सुजायला लागले होते. चपला ती मांडीवर घेऊन बसायची.

या हेलपाट्यांत अकरा आठवडे गेले, तेव्हा वडील आले. एका शब्दानं न विचारता सही केली. मशीनही आलं. डॉक्टरांनी बराच वेळ पडद्याकडे बघून आईचा जुना कागद मागितला.

"बावीस," ते म्हणाले. "कागद बरोबरच होता की."

आईनं पोटावरचं थंड चिकट काहीतरी पदरानं पुसलं.

आता शहरातल्या समितीची परवानगी हवी होती. अर्ज मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. आठव्या महिन्यात पहाटे आई पाणी शेंदायला उठली आणि विहिरीच्या कठड्याशी खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. परवानगीचा कागद नऊ दिवसांनी आला. त्यावर तिचं नाव अचूक होतं.

त्याला अठरा वर्षं झाली. बाजारात आता तिच्या जागेवर मी बसते. मिरच्या निवडण्याच्या निमित्तानं एखादी खाली वाकते आणि दवाखान्याच्या खिडकीवर काय सांगायचं ते विचारते. परवाची अशीच होती, अंगावर मूल, हातात रिकामी पिशवी.

"किती झाले?" मी विचारलं.

"सोळा."

"बाजार की आठवडे?"

तिनं बोटांवर मोजून पाहिलं. "बाजारच की गं ताई. दुसरं काय मोजतात?"

मी तागडी शेजारणीकडे सरकवली. "मिरच्या बघ माझ्या," म्हटलं, आणि त्या बाईच्या कडेवरचं मूल घेऊन बसच्या थांब्याकडे निघाले.