पाय थांबवू नका

"अहो, पाय थांबवू नका," बायको गॅलरीतून ओरडली, तोवर कंपाउंडरचे पाय थांबलेही होते.

म्हणजे त्याने ते थांबवले होते. सायकलला ते मान्य नव्हतं. पायडल त्याच्या बुटासकट तसंच वर आलं, गुडघा हँडलवर आपटला, आणि पन्नाशी उलटलेला, चष्मेवाला, दवाखान्यात दुसऱ्यांच्या जखमा बांधणारा हा माणूस रस्त्याकडेच्या झुडपात जाऊन बसला. सायकल शेजारी आडवी पडली. तिचं मागचं चाक फिरत होतं आणि चाकाबरोबर पायडलही. स्वार उतरल्याचं तिला अजून कळलेलं नव्हतं.

"पडला का?" गॅलरीतल्या खुर्चीवरून अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे त्याचे वडील. काचबिंदूने त्यांचे डोळे नेले होते, उजेड आणि अंधार एवढंच काय ते कळायचं. कान मात्र शाबूत होते.

"पडले," सून म्हणाली. "पण नीट पडले."

कंपाउंडरने कपडे झटकले आणि सायकल ढकलत फाटकातून आत आणली. गल्लीतल्या चार खिडक्यांत चार डोकी होती. त्यांच्याकडे न बघण्याचं काम त्याने चोख केलं.

सायकल धाकट्या भावाची होती. धाकटा आता दूरच्या शहरात, दोन मुलांचा बाप, डोक्यावर टक्कल. तरी गावात आणि घरात तो अजून छोटूच होता. तरुणपणी तो शर्यतीत सायकल चालवायचा. त्या सायकलला गिअर नव्हते, घंटा नव्हती, मागचा ब्रेक नव्हता आणि मुख्य म्हणजे फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल फिरलं की पाय फिरणार. उतारावर पाय नुसते ठेवून आरामात बसायची सोय नाही. पाय थांबवलेत तर सायकल तुम्हाला थांबवत नाही, उचलून बाजूला ठेवते. आता छोटूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "दादा, तू चालव," फोनवर तो म्हणाला होता, "पण जपून हं. तुला जमायला जरा वेळ लागेल."

त्या 'जरा वेळ'नेच घात केला. कंपाउंडरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

खरं सांगायचं तर त्याला भावाचा हेवा वाटायचा. मोठा, धगधगता वगैरे नाही. जेवणानंतरच्या करपट ढेकरासारखा, रोजचा, सवयीचा. दवाखान्यात औषधाची बाटली हातात घेता घेता लोक विचारायचे, "काय म्हणतात तुमचे बंधू?" याचं काय चाललंय हे कुणी विचारत नसे. तो तर समोरच उभा होता, विचारायचं काय? अण्णांच्या खोलीत काचेच्या कपाटात छोटूचे कप रांगेने होते. अण्णांच्या गोळ्या, अण्णांचं डोळ्यांचं औषध, अण्णांची रात्रीची खोकल्याची उबळ, हे सगळं मोठ्याकडे होतं. त्याला कपाट नव्हतं.

पण कप गेले खड्ड्यात. त्याच्या मनात रुतून बसलेली गोष्ट वेगळीच होती.

घर उताराच्या मध्यावर होतं. वर टेकडीच्या माथ्यावर शाळा, आणि पुढे नोकरी लागली तो दवाखानाही तिथेच. खाली येताना घराच्या जरा अलीकडे एक वळण होतं, ते ओलांडलं की गॅलरी दिसायची. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे गॅलरीत संध्याकाळी फक्त अण्णा असायचे. छोटू त्या सायकलवरून उतरायचा तेव्हा अण्णा कठडा धरून उभे असायचे, मान पुढे काढून, डोळे वळणावर लावून. छोटू फाटकातून आत येईपर्यंत हलायचे नाहीत. आणि मोठा यायचा तेव्हा? मोठा वळण ओलांडायचा आणि त्याला अण्णांची पाठ दिसायची. दार लोटून आत जाणारी पाठ. एकदा नाही, दोनदा नाही, सगळं बालपण आणि अर्धं तरुणपण त्याने ती पाठ पाहिली होती. कधी त्याबद्दल विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या तरी कशा?

म्हणून त्याला ती सायकल यायलाच हवी होती. एकदा, फक्त एकदा, त्या सायकलवरून वळण घेऊन खाली यायचं आणि अण्णांनी कठड्याशी उभं राहायचं. डोळे नसले तर नसू देत. उभं तर राहता येतं.

पण पाय ऐकेनात. दवाखान्यातून सुटलं की आपल्या जुन्या काळ्या सायकलवर टांग टाकायची, उतार लागला की पाय थांबवायचे आणि घरापर्यंत आपोआप यायचं, ही त्याची जन्माची सवय. दिवसभरात न मागता मिळणारी तेवढीच एक चैन होती. चढ तो छोटूच्या सायकलवर चढून जायचा, सपाटीला बरा चालवायचा. पण उतार दिसला रे दिसला की पाय आपले सुट्टीवर. मग झुडूप ठरलेलं. अखेर त्याने हात टेकले आणि सायकल जिन्याखाली उभी करून तिच्यावर जुनी चादर टाकली.

ती चादर काढली बायकोने.

बायको घरी शिवणकाम करायची. शाळेच्या गणवेशांचं काम तिच्याकडे होतं, आणि तयार गठ्ठे पाठीवर घेऊन चढ चढणं तिला जड जात होतं. "अहो, ती सायकल नुसती उभीच आहे, मी बघू का?" तिने विचारलं.

"बघ की," तो म्हणाला. मनात म्हणाला, झुडपात एका जागेची सोय करून ठेवतो.

लहानपणी माहेरी भावाच्या सायकलवर केलेल्या उचापती, एवढीच तिची शिदोरी. ती ओढणी कमरेला खोचून बसली, थोडं डगमगली, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. दुसऱ्या दिवशी वळणापर्यंत गेली. आठवडाभरात ती माथ्यावरून खाली आली, पाय भराभरा फिरवत, मग हळू, मग आणखी हळू, आणि फाटकापाशी अलगद थांबली. ब्रेकला हातसुद्धा लावला नाही.

कंपाउंडर फाटकातच उभा होता. त्याने आधी ब्रेककडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे.

"कसं केलंस?"

"मशीनसारखंच आहे हो," ती धापा टाकत म्हणाली. "माझ्या पायमशीनलाही कुठे सुटका असते? चाक फिरतंय तोवर पाय त्याच्याबरोबर जाऊ द्यायचे. शिवण संपत आली की पायानंच हलकं उलटं धरायचं. तुम्ही त्याच्याशी भांडता."

"मी भांडत नाही."

"बरं, नाही भांडत," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, पण त्याला ते जेवताना दाताखाली आलेल्या खड्यासारखं लागलं.

समोरचे पेन्शनर आजोबा खिडकीतून म्हणाले, "वहिनी, अगदी छोटूच आला असं वाटलं." झालं. एका घरात एक छोटू कमी होता म्हणून की काय, आता दुसरा आला. दवाखान्यात विचारणा सुरू झाली, "काय म्हणतात तुमच्या मिसेस? काल बघितलं, काय सुसाट आल्या." कंपाउंडर मापाबाहेर औषध ओतू लागला आणि डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं तेव्हा भानावर आला. आपल्याच बायकोवर जळावं, हे बरं नाही, हे त्याला कळत होतं. कळून जळफळाट कमी होत नाही. रात्री ती पोटऱ्यांना तेल चोळत बसली की तो मुद्दाम पेपर वाचायचा, तोच पेपर, जो सकाळी वाचून झालेला असायचा.

आणि संध्याकाळी अण्णा गॅलरीत उभे राहू लागले.

सुनेच्या येण्याची वेळ झाली की ते खुर्ची सोडायचे, कठडा धरायचे आणि मान पुढे काढायचे. तीच मान, तोच कठडा. दवाखान्याला सुट्टी होती त्या दिवशी कंपाउंडरने ते दारातून पाहिलं आणि तो मागच्या मागे खोलीत जाऊन बसला. त्याला रडू आलं नाही, पण आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यात निघताना, त्याने जिन्याखाली वाकून छोटूच्या सायकलच्या मागच्या चाकाची हवा सोडली. फुस्स झालं.

"काय रे?" आतून अण्णांनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला आणि आपली सायकल घेऊन चढाला लागला.

दिवसभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा अंधार पडायला आला होता, वारा बोचरा होता. जिन्याखालची जागा रिकामी होती आणि हवा भरायचा पंप पायरीवर पडलेला होता. अण्णा कठड्याशी उभे होते, अंगात नुसता सदरा.

"अण्णा, गार वारा सुटलाय. आत चला."

"सूनबाई आलेली नाही अजून. चाकात हवा नव्हती म्हणून उशिरा निघाली." अण्णांनी मान त्याच्याकडे वळवली. "सकाळी तूच सोडलीस ना?"

 कंपाउंडरने पंप उचलून भिंतीला टेकवून ठेवला.

"येईल ती," तो म्हणाला. "चांगली चालवते. तुम्हाला आवडतंय ना, दिसतंय मला."

"काय आवडतंय?"

"हेच. ती येताना उभं राहणं. छोटू यायचा तेव्हा राहायचात तसं."

अण्णांनी कठडा सोडला नाही. "आवडतंय कसलं? जीव टांगणीला लागतो. त्या सायकलला आवाजच नाही रे. वळणावर येतेय, पडलीय, की वरच आहे, काही कळत नाही. छोटूच्या वेळी डोळे होते तरी तेच. वळणापलीकडचं दिसायचं नाही आणि ऐकूही यायचं नाही. तो फाटकात दिसला की मग जीव भांड्यात पडायचा. रोज रोज तेच. वैताग आणला होता त्यानं."

 बोलू नये असं वाटत असतानाच कंपाउंडर बोलून गेला.

"आणि मी यायचो तेव्हा? तेव्हा तुम्ही पाठ फिरवून आत जायचात."

"मग काय करायचं?" अण्णांना प्रश्नच कळला नव्हता. "तुझी टिकटिक वरपासून यायची. उतार लागला की तुझे पाय थांबायचे आणि मागचं चाक वाजायला लागायचं. वळणावर आलं की मी आत जायचो, चहाचं आधण ठेवायला. तू बूट काढेपर्यंत उकळायला हवं ना. तुला शाळेतून आल्या आल्या चहा लागायचा, नाहीतर तोंड फुगवून बसायचास."

चहा. बूट काढले की समोर चहा असायचा, हे त्याला आठवत होतं. तो ठेवायला कुणीतरी आत गेलेलं असणार, हे एवढ्या वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पाठ तेवढी लक्षात राहिली होती. तो आत गेला, अण्णांची शाल आणली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. मग दोघंही कठड्याशी उभे राहिले.

बायको आली ती अशीच, काही न वाजवता, फाटकापाशी एकदम. दोघं दचकले.

"काय हो, दोघं का उभे?" ती म्हणाली. तिचे गाल गार वाऱ्याने लाल झाले होते आणि डोळे चमकत होते, आणि कंपाउंडरला पुन्हा तो जुना करपट ढेकर आला. हेवा गेला वगैरे काही नाही. इतका जुना पाहुणा एका संध्याकाळीत उठून जात नाही.

"चाकात हवा नव्हती," ती म्हणाली. "आपोआप गेली बहुतेक."

"आपोआप नाही," तो म्हणाला. "मी सोडली होती."

 अण्णा खोकले. "कळलं होतं मला," ती म्हणाली, "व्हॉल्व्हचं झाकण जिन्याखाली ठेवून गेला होतात," आणि सायकल आत घेऊन गेली. त्या रात्री ती त्याच्याशी फारशी बोलली नाही, आणि ते रास्तच होतं.

सकाळी त्याने आपल्या काळ्या सायकलची घंटा पान्याने सोडवली आणि छोटूच्या सायकलच्या हँडलवर बसवली. पुसली, वाजवून पाहिली, स्क्रू आणखी आवळला.

"वळणाच्या वरूनच वाजवत ये," तो बायकोला म्हणाला. "अण्णा उगाच उभे राहतात."

"आणि तुम्हाला?"

"मला काय करायचीय घंटा."

त्या संध्याकाळी दवाखाना लवकर सुटला. माथ्यावरून त्याने टांग टाकली, दोन-चार पायडलं मारली आणि उतार लागला. शाळेची भिंत मागे गेली, पाण्याची टाकी मागे गेली. त्याने पाय थांबवले. मागचं चाक वाजायला लागलं, टिकटिक टिकटिक, आणि जन्मात पहिल्यांदाच त्याने ते कान देऊन ऐकलं.

वळण ओलांडून त्याने समोर पाहिलं. गॅलरीत अण्णा भिंतीचा आधार घेत खुर्चीतून उठत होते. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली, चाचपडत दाराची कडी धरली, आणि ते आत गेले.