डिसेंबरात चालणारा कूलर

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना कूलर. हथखोज या कारखान्यांच्या भागातल्या एका शेडमध्ये माझा पत्रा कापला, ठोकला, आत पंखा बसवला आणि पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर १० मध्ये, कामगार शालिकरामच्या क्वार्टरच्या खिडकीत मला उभे केले. उन्हाळाभर राबायचे आणि दिवाळीआधी चादर पांघरून निजायचे, हा माझा नेम. मे महिन्यात माझ्यासमोरच्या जागेसाठी घरात भांडणे होत. "असा कूलर अख्ख्या लाइनीत नाही," शालिकराम पाहुण्यांना सांगे.

मग त्याची बायको मथुरा आजारी पडली. स्तनाचा कर्करोग. ऑपरेशन झाले, केमो झाली, केसही परत आले. पण उपचारांमुळे तिची पाळी चाळिशीतच बंद पडली आणि रोग उलटू नये म्हणून रोज एक गोळी सुरू झाली. तेव्हापासून भर थंडीत तिच्या अंगातून वाफा निघू लागल्या. मान आणि पाठ भिजून जाई. लगेच हुडहुडी भरे. ती माझी चादर काढून बिनपाण्याचा पंखा लावी.

ती "लय गरम होते" म्हणाली, तेव्हा कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनवरून ड्यूटी करून आलेला शालिकराम हसला. "अवं, प्लांटात एक भट्टी, घरी दुसरी! मले तरी भत्ता भेटते, तुले कोन देईन?"

मथुराही हसली. त्यानंतर या विषयावर ती बोलली नाही.

एका दुपारी तिने माझी मागची जाळी उघडून गोळ्यांची पट्टी पाणी झिरपवणाऱ्या गवतात खुपसली. पुढच्या महिन्यात दुसरी. हळूहळू तिची आग कमी झाली आणि माझी भीती वाढली. रोग परत आला तर? पण माझ्याकडे फक्त वारा होता, आणि वाऱ्याला शब्द फुटत नाहीत.

होळीआधी शालिकराम गवत बदलायला बसला. पट्ट्या खाली पडल्या. एकही गोळी काढलेली नव्हती.

"मथुरा, हे का होय? कावून नाही खाल्ल्या?"

"जीव भाजून निघते त्या गोळीनं."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं होतं. तुमी हसले."

उभा जन्म भट्टीसमोर काढलेला तो माणूस पट्ट्यांना चिकटलेले गवत काडी काडी करून काढू लागला.

"उद्या दोघं जाऊ डॉक्टरकडे. दुसरं काही औषध असंन."

"आन नसंन तं?"

नवे गवत बसायचे होते, तरी शालिकरामने माझे बटण दाबले आणि तिला समोर बसवले.

मित्रांनो, एरवी मी तुमच्याकडे थोडे तेल आणि रंगाचा एक हात मागितला असता. आज एवढेच मागतो, की घरातले कोणी थंडीत "गरम होते" म्हणाले तर हसण्याआधी ऐकून घ्या. माझा वारा कातडीपर्यंतच पोहोचतो.